जडरेषेपलीकडची माती

फुटबॉलचा सामना सुरू व्हायला वेळ होता, तरी कोल्हापूरच्या मैदानाच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या. आप्पा इंगवले सवयीनं पुढे गेले, मैदानाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि त्यांचा गुडघाच लुळा पडला. शेजारच्यानं दंडाला धरून त्यांना मागं ओढलं.

"आप्पा, जडरेषा हाय की! दरवेळी इसरताय."

"इसरत न्हाई रं. आज तरी तिला लाज वाटती का बघतोय."

जडरेषा म्हणजे मैदानाच्या कडेनं गवताखाली पुरलेली तार. तिच्या लहरी गुडघ्याच्या मज्जातंतूंना गुंगवायच्या. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय जसा आपला राहत नाही, अगदी तसं व्हायचं. दुखत काही नसे. तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर लोक मैदानात घुसले आणि दोघे जण चेंगरून गेले, तेव्हापासून ही तार आली. तिच्यासोबत एक जुनी रीत मात्र बंद पडली. इथले फुटबॉलचे संघ तालमींचेच; जिंकलेल्या तालमीची माणसं मैदानात उतरून खेळाडूंना खांद्यावर घ्यायची आणि जाताना चिमूटभर माती उचलून तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यात टाकायची. फुटबॉल आणि कुस्तीची ही सोयरीक दुसऱ्या कुठल्या गावाला सुचली नसती.

आज त्या रितीचीच परीक्षा होती. गर्दी ताळ्यावर राहिली तर शेवटच्या शिट्टीनंतर रेषा उघडणार होती. नाही राहिली, तर मैदानात उतरणं कायमचं बंद. निकाल 'पारखी' देणार होता. हे यंत्र गर्दीचा आवाज ऐकून त्यात हर्ष आहे की उन्माद, ते ओळखायचं. त्याला शिकवलं होतं आप्पांच्याच मुलीनं, ईश्वरीनं. लोखंडी जिन्यावरच्या केबिनमध्ये बसून हंगामभर प्रत्येक आरोळीला तिनं हर्ष वाटला तर हिरवं, उन्माद वाटला तर लाल बटण दाबलं होतं. आज ती नुसती देखरेखीला होती. अगदीच अनोळखी आवाज आला, तरच पारखी तिला विचारणार होता.

"माणूस म्हटलं की पक्षपात आला," केबिनमध्ये तिच्या शेजारी बसलेले पोलीस निरीक्षक घोरपडे म्हणाले. "म्हणून यंत्र बरं. आणि मी म्हणतो, खाली उतरायचंच कशाला? बसून टाळ्या वाजवा की."

"वर्षभर ज्याच्यासाठी घसा फोडला, त्याला एकदा हात लावावासा वाटतो, सर." ईश्वरी म्हणाली. हे वाक्य मूळचं आप्पांचं होतं, पण तिला ते पटलेलं होतं.

खाली चांदणी वेस तालमीचा कप्तान राजवर्धन, तिचा धाकटा भाऊ, संघाला घेऊन मैदानात आला. डाव्या पायानं चकवायचं तिनंच त्याला गच्चीवर शिकवलं होतं. तिनं जिल्ह्याकडून खेळताना गोल केला, तेव्हा पायऱ्यांवर दोन शिक्षिका आणि एक कुल्फीवाला होता. आप्पा त्या दिवशी राजवर्धनसाठी बूट आणायला गेले होते. भावावर तिची माया होती आणि त्याचा तिला हेवाही वाटायचा. दोन्ही एकाच ताटात जेवायची.

सामना अटीतटीचा झाला. समोरच्या हत्ती चौक तालमीच्या लोकांनी मध्येच पाण्याच्या बाटल्या फेकल्या, तरी पारखीचा दिवा हिरवाच राहिला. मग अगदी शेवटी राजवर्धननं डावीकडून दोघांना चकवून चेंडू जाळ्यात मारला.

"राजवर्धन! राजवर्धन!" पायऱ्या गर्जल्या. दिवा लाल झाला. शिट्टी वाजली, तरी लालच राहिला.

"बघा. उन्माद," घोरपडे म्हणाले.

ईश्वरी चक्रावली. ढोल तोच, गळे तेच. तिनं मागचे सामने भराभर लावून पाहिले. त्या नावाची आरोळी आली, की प्रत्येक वेळी तिनं लाल दाबलं होतं. तिला आठवलं, ते नाव ऐकलं की पोटात कळ यायची आणि बोट आपसूक जायचं. तिला वाटायचं, ती भीती आहे. तो मत्सर होता, निव्वळ मत्सर. पारखीनं तो इमानदारीनं पाठ केला होता.

खाली आप्पा रेषेवर कोसळले होते आणि हातांवर सरपटत पुढे जायला बघत होते.

"सर, यंत्र चुकतंय. मीच चुकीचं शिकवलंय."

"आत्ता तुमचा भाऊ जिंकलाय, म्हणून तसं वाटत नसेल कशावरून?"

आपल्या कुठल्या मनावर विश्वास ठेवायचा, हेच तिला कळेना. पण आप्पा जमिनीवर होते. तिनं हात लांब करून केबिनच्या भिंतीवरचा मुख्य खटका पाडला आणि जडरेषा बंद केली.

माणसं उतरली. हसत, रडत, एकमेकांना सांभाळत उतरली. राजवर्धन खांद्यांवर गेला. आप्पांनी वाकून माती उचलली आणि कपाळाला लावली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ईश्वरीला हायसं वाटलं, आणि तरीही पोटात जळतच होतं.

तेवढ्यात राजवर्धननं खांद्यावरून केबिनकडे बोट केलं. "आमच्या आक्कानं सोडलंय आत! तिचं नाव घ्या की रं!"

आप्पा मूठ मिटून जिन्याकडे निघालेले तिला दिसले. माती तिच्यासाठी होती, हे तिला लगेच कळलं. त्यांच्यामागून सगळी वेस वळली.

"ईश्वरी! ईश्वरी!"

या मैदानानं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पारखीनंही नाही. पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली: 'आवाज अनोळखी आहे. हर्ष की उन्माद?'

घोरपडे काचेला नाक लावून खाली बघत होते. "मॅडम, थांबा जरा," ते म्हणाले. पण तिचं बोट हिरव्यावर पडलंसुद्धा होतं. पारखीनं ते शिकून घेतलं.

मग तिनं खाली पाहिलं. एका वेळी एकच माणूस चढेल एवढ्याशा जिन्यावर अख्खी गर्दी तिचं नाव घेत वर रेटत होती. आरोळ्यांत मध्येच एक किंकाळी उठली.

त्या रेट्यात आप्पा कुठे होते?