वरच्या थरातले टोमॅटो

थंडीचे दिवस होते. चिकलठाण्याच्या कारखान्यांवर धुकं असं दाटून बसलं होतं की समोरच्या शेडचा पत्राही दिसत नव्हता… आणि त्या धुक्यातून एक पांढरी पिकअप मागे मागे येत थेट विशाखाच्या पायाशी थांबली.

"अहो! माणूस उभं आहे इथं!" ती ओरडली.

"दिसलं की मॅडम. म्हणून तर थांबलो."

उत्तर देणारा खाली उतरला. गळ्यात मफलर, गालावर दोन दिवसांची दाढी आणि सकाळी सातला कोणाचे नसतात इतके हसरे डोळे. नाव सम्यक. लासूर स्टेशनच्या आसपासच्या गावांतून भाजी गोळा करून शहरात पोचवायचा त्याचा धंदा होता. विशाखाला या किचनमध्ये येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कारखान्यांच्या कँटीनला जेवण पुरवणारं हे भलंमोठं स्वयंपाकघर. भाजी आत आल्यापासून जेवण बाहेर पडेपर्यंतची सगळी घडी बसवणं हे तिचं काम. ती येण्याआधी तिथे एकच पद्धत होती, ज्याचा हॉर्न मोठा त्याची गाडी आधी. तिने प्रत्येक गाडीला वेळ ठरवून दिली, माल तपासल्याशिवाय घ्यायचा नाही असा नियम केला आणि यच्चयावत भाजीवाल्यांचा रोष ओढवून घेतला.

सम्यकच्या मालातली कोथिंबिरीची एक जुडी तिने उचलली आणि जोरात झटकली. पाण्याचे थेंब उडाले… ते तिच्याच चष्म्यावर.

"पाणी मारलंय," समोरचं काही दिसत नसताना ती ठामपणे म्हणाली.

"दव हाय मॅडम. इमानदारीनं, दव हाय."

"वजनात आम्ही दव धरत नाही."

दुसरा कोणी असता तर हुज्जत घातली असती. हा पठ्ठ्या माल उतरवायच्या ओट्यावर उभा राहून एकेक जुडी झटकत बसला. कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या पुढे करून म्हणाला, "घ्या, आता करा वजन. पण चष्मा पुसा आधी… नाहीतर काट्यावरचा आकडा कसा दिसायचा?"

वजनकाट्यावर बसलेले रामकिसनकाका खो-खो हसले. विशाखाने मात्र हसू दाबलं, आणि ते दाबायला तिला बरेच कष्ट पडले.

त्यानंतर सम्यक ठरलेल्या वेळेत येऊ लागला. सकाळची सगळ्यात शेवटची वेळ त्याने मागून घेतली होती. "मागं कोणाची घाई नको," असं कारण दिलं होतं. खरं कारण विशाखाच्या हळूहळू लक्षात आलं आणि लक्षात आल्यावरही तिने ती वेळ बदलली नाही, यातच काय ते समजा!

तो कॅरेट उतरवताना ओळख करून द्यायचा. "हे पुंजाराममामांचे टोमॅटो. ही सारजामावशीची मेथी, नीट बघा, मावशी रोज विचारती मॅडम काय म्हणल्या म्हणून." विशाखा मेथीचा देठ मोडून बघायची, टोमॅटो कापून बघायची. तो तिच्याकडे बघायचा. ती वर बघायची तेव्हा तो धुक्याकडे बघत असायचा.

एकदा त्याने कागदात गुंडाळून हुरडा आणला. गरम, कोवळा, वर शेंगदाण्याची चटणी.

"माल देणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. नियम आहे," ती म्हणाली.

"कोणी केला असला नियम?"

"मीच केला."

"लई वाईट केला."

मग त्याने तो हुरडा अख्ख्या ओट्यावर वाटला, हमालांना, काकांना, झाडूवाल्या लीलाबाईंना. विशाखापाशी आला तेव्हा कागद रिकामा होता. "तुमचा नियम पाळला," असं म्हणून निर्विकारपणे पुढे गेला. लीलाबाईंनी आपल्या ओंजळीतला हुरडा तिच्या हातावर ठेवला आणि डोळा मिचकावला. तो हुरडा अजूनही उबदार होता. दिवसभर तिला उगाचच बरं वाटत राहिलं.

पण विशाखाने आणखीही एक नियम केला होता. ज्याचा माल सलग तीन महिने एकदाही परत जाणार नाही, त्याची गाडी 'थेट'. म्हणजे तपासणी नाही, ताटकळणं नाही. पहाटे चारला यायचं, माल शीतगृहात लावायचा आणि निघून जायचं. वर शेंद्र्याच्या नव्या किचनचाही वर्षभराचा पुरवठा त्यालाच. मालकीणबाई रत्नमाला मॅडम या नियमावर बेहद्द खूश होत्या. नियम केला तेव्हा विशाखाही खूश होती. सम्यकचे तीन महिने भरत आले आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला.

"या शनिवारी तुमची गाडी थेट होईल," तिने एका सकाळी सांगितलं. आवाज आनंदाचा काढायचा होता. तो निघाला नाही.

"म्हणजे… सातला यायचं कामच नाय?"

"नाही. पहाटे चारला."

"चारला तुम्ही असता?"

"चारला मी झोपलेली असते."

"मग माल तपासायचा कोणी?"

"कोणी नाही. तुमच्यावर विश्वास ठेवायचा."

"हां…" त्याने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "मोठी गोष्ट हाय. मामा, मावशी, सगळ्यांच्या मालाला वर्षभर घर मिळतंय." एवढं बोलून तो गाडीत बसला. गाडी मात्र बराच वेळ सुरू झाली नाही.

विशाखालाही कळत होतं की ही आनंदाची बातमी आहे. त्या रात्री आईने दोनदा विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तिला रडू येत होतं आणि कारण सांगता येत नव्हतं. आपल्याच हाताने केलेला नियम, आपल्याच हाताने त्याला दूर पाठवणार. सम्यक तिला आवडत होता. नुसता आवडत नव्हता, तिची सकाळच त्याच्यापासून सुरू होत होती.

शुक्रवारी तो आला, पण आज मालाची ओळख करून दिली नाही. पहिलं कॅरेट उतरलं आणि विशाखा बघतच राहिली. वरचा सगळा थर सडक्या टोमॅटोंचा! चिरलेले, काळे पडलेले, पाणी सुटलेले.

रामकिसनकाका काट्यावरून उठून आले. "अख्खी जिंदगी काट्यावर गेली माझी. खराब माल वर रचणारा माणूस पहिल्यांदा बघतोय!"

विशाखाने तो थर बाजूला केला. खाली लाल, टणक, एकसारखे टोमॅटो. एकावरही डाग नाही. तिने सम्यककडे पाहिलं. तो शेडच्या पत्र्याकडे बघत होता, आणि आज धुकंसुद्धा नव्हतं.

"इकडं या," ती ओट्याच्या टोकाला गेली. "कुठून आणले हे?"

"…बाजारात फेकून दिलेले उचलले."

"कामून?"

'का' नाही, 'कामून'. इतक्या महिन्यांत त्याची बोली तिच्या तोंडी पहिल्यांदाच आली होती. त्याने मान खाली घातली.

"खाली लपवले असते तर कोणाच्या पोटात गेले असते. म्हणून वर ठेवले. तुम्हाला दिसले पाहिजेत, तुम्ही नापास केलं पाहिजे… अन् मी सातला येत राहिलो पाहिजे. बास."

विशाखाचे कान तापले. रागाने तापले, आणि दुसऱ्याही कशाने तरी.

"अन् पुंजाराममामा? त्यांचा चांगला माल तुम्ही खराब ठरवला! सारजामावशी विचारतील मॅडम काय म्हणल्या, तेव्हा काय सांगाल?"

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं, ते तिला दिसलं. "चुकलो," तो हळूच म्हणाला. "लई चुकलो. तुम्ही नियमानं काय ते करा. मी तकरार नाय करणार."

नियमाने काय करायचं ते तिला पाठ होतं. हातातल्या टॅबवर एक बोट ठेवायचं, नापास. शेंद्र्याचं काम जाणार. किंवा ते कॅरेट गुपचूप बाजूला सारायचं, उद्या गाडी थेट होणार. तिचं बोट दोन्हीकडे जाईना. त्याचं नुकसान तिला बघवत नव्हतं आणि खोटं लिहवत नव्हतं. या माणसाचा माल आता आपल्याला तपासता येणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं.

तेवढ्यात रत्नमाला मॅडम ओट्यावर आल्या. "काय झालं गं? गाडी कामून थांबली?"

"मॅडम, हा माल तुम्ही तपासा." विशाखाने टॅब पुढे केला. "मी नाही तपासणार. आजही नाही आणि पुढंही नाही."

"का बरं?"

"आपल्या माणसाचा माल आपण तपासू नये."

"आपला माणूस?" मॅडमनी आधी तिच्याकडे, मग सम्यककडे पाहिलं. "हा कोण लागतो तुझा?"

ओट्यावरचा खडखडाट थांबला. लीलाबाईंचा झाडू हवेतच राहिला.

"अजून कोणी नाही…" विशाखाने मान वर ठेवली. "पण लागणार आहे."

मॅडम सम्यककडे वळल्या. "तुला माहीत होतं हे?"

"नाय मॅडम. मला आत्ताच कळलं."

रामकिसनकाकांना खोकला आला आणि तो बराच वेळ टिकला. मॅडम वाकल्या, त्यांनी वरचा थर बघितला, खालचा बघितला. "हे सडके?"

"मीच टाकले." त्याने काही लपवलं नाही.

मॅडमनी जे समजायचं ते समजून घेतलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, बोट मात्र टॅबवर टेकलं. "नापास. शेंद्र्याचं काम तूर्त दुसऱ्याला जाईल. तू पुन्हा तीन महिने सातला यायचं, आणि तपासणार मी. मी हिच्यापेक्षा कडक आहे. गावात काय सांगायचं ते खरं सांग."

"व्हय मॅडम. आज सांजेला मामांपुढं जाऊन बसतो."

"आणि विशाखा, तू आजपासून पलीकडं. जेवणाच्या गाड्या बाहेर पाठवायच्या बाजूला."

त्या गेल्या. ओट्यावर पुन्हा खडखडाट सुरू झाला. सम्यकने ते कॅरेट उचलून गाडीत परत ठेवलं, मागचा फाळका लावला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कोवळं ऊन ओट्यावर चढलं होतं.

"विशाखा…"

मॅडम नाही, नुसतं विशाखा.

"काय?"

"काय नाय." तो लाजून हसला. "नुसतं म्हणून बघितलं."

ती एक पाऊल पुढे आली.

"परत म्हण."