खिडकीची जागा

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या लहानशा ऑफिसात संगणक आणि वायरी बघायला येणाऱ्या तिला सगळे वायरवाली म्हणत. नाव तिथल्यांनीच ठेवलेलं, तिनेही हसून चालवून घेतलेलं. आजचं काम साधं होतं. साहेबांनी नकाशांचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. प्रोग्रॅम प्रत्येक संगणकावर टाकायचा, लायसन्स, म्हणजे एका वेळी एकालाच वापरता येणारे परवाने, मात्र सर्व्हरवर सामाईक ठेवायची. लायसन्स चार, काम करणारी माणसंही चारच. संगणकांना तिने बसण्याच्या जागेवरून नावं दिली: दार, कपाट, कोपरा, खांब.

तिघांचं काम सुरळीत सुरू झालं. खांबापाशी बसणाऱ्याला मात्र प्रोग्रॅम उघडेना. सगळी लायसन्स वापरात आहेत, असं सांगून सर्व्हरने त्याला रांगेत उभं केलं.

तिने सर्व्हरवर पाहिलं. दार, कपाट, कोपरा, आणि चौथं नाव खिडकी.

हे नाव तिने दिलेलंच नव्हतं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. भिंतीतल्या जोडणीवर धूळ बसली होती, वायर नव्हती. पण सगळ्या वायरी जिथे एकत्र येत त्या बाहेरच्या पेटीत त्याच जोडणीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. जरा वेळ भराभर, मग थांबून. माणूस काम करता करता विचारात पडावा, तसा.

"कोणाचा तरी आगाऊपणा असणार," साहेब म्हणाले. "काढून टाक. तो बिचारा खांबापाशी माश्या मारत बसलाय."

ती वळली तर कपाटाजवळ बसणाऱ्या मोठ्या बाई मागे उभ्या होत्या.

"लगेच काढू नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे आमचे हे बसायचे."

ते गेल्याला वर्ष होत आलं होतं. त्यांचा संगणक तेव्हाच भंगारात गेला होता.

बाईंनी तिला आपल्या पडद्यापाशी नेलं. "नकाशातलं हे दार बघ. मी बाहेर उघडणारं काढते. जरा उठून आले की ते आत उघडणारं झालेलं असतं. संसारभर आमचं यावरून वाजायचं. दार बाहेर उघडलं तर आलेल्या माणसाला मागे सरावं लागतं, म्हणायचे."

"पण बाई, प्रोग्रॅम तर मी आजच टाकलाय."

"जुन्या प्रोग्रॅममध्येही असंच व्हायचं. तेव्हा लायसन्स मोजणारं कोणी नव्हतं."

बाई स्वतःच दार बदलत असतील आणि विसरत असतील, असं वायरवालीला वाटलं. तिने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला, जागेवर आली आणि खिडकीचं लायसन्स सोडवलं.

पेटीतला दिवा विझला. खांबापाशी काम सुरू झालं.

बाईंनी नकाशात दार बाहेर उघडणारं काढलं. उठून पाणी पिऊन आल्या. दार तसंच होतं. पुन्हा उठल्या, पुन्हा आल्या. मग चष्मा काढून त्या हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"जिंकले की गं मी," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

वायरवालीला ते बघवेना. ती साहेबांकडे गेली. "अजून एक लायसन्स लागेल."

"कोणासाठी? माणसं तर चारच आहेत."

तिने मागे वळून पाहिलं. साहेबांची नजर काचेतून खिडकीकडच्या टेबलावर गेली आणि तिथेच रेंगाळली.

"मला सरळ रेघ मारायला त्यांनीच शिकवलं," ते म्हणाले. "घे."

पाचवं लायसन्स तिने खिडकीच्या नावे राखून ठेवलं. ते नाव तिने या वेळी स्वतः टाइप केलं. आपण हे काय करतोय, असं तिच्या मनात आलं, तरी बोटं थांबली नाहीत.

काहीच झालं नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत कडेला आलं.

मग पेटीतला दिवा एकदा चमकला. थांबला. पुन्हा लागला.

ती धावतच बाईंपाशी गेली.

दोघींच्या देखत पडद्यावरचं दार वळलं. बाहेरून आत.

"आलात?" बाई खिडकीकडे बघत रागानेच म्हणाल्या. डोळे मात्र वाहत होते. "किती वेळ लावायचा तो!"

निघण्याआधी वायरवालीने सर्व्हरवर शेवटची नजर टाकली. पाचही लायसन्स वापरात होती. सगळं जागच्या जागी.

खाली रांगेत एक नाव थांबलेलं होतं.

तळघर.

वायरी टाकताना ती ही इमारत खालपासून वरपर्यंत फिरली होती. इमारतीला तळघर नव्हतं.