ताईच्या मागे

२०१२ साली माझी थोरली बहीण, शर्मिलाताई, कर्वेनगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे डोळे मिटले की तिचा तोल जायचा. रजा संपल्यावर वर्गात उभं राहता येईल का, याचा तिला घोर लागला होता.

तोल मोजण्याचं इस्पितळातलं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं. मी आयटीतला. हालचाल टिपणारा व्हिडिओ गेमचा कॅमेरा आणला, विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर बसवला आणि प्रोग्रॅम लिहिला. समोर ताई उभी राहिली की स्क्रीनवर हिरव्या रेघांची आकृती यायची. ती डुलली की आकृतीही डुलायची.

"सांगाडाच केलास की माझा," ताई म्हणाली. "तेवढीही वाट बघवली नाही?"

पहिला आठवडाभर आकृती सारखी हेलकावत होती. मग एका दुपारी तिच्या मागे दुसरी उमटली. मला वाटलं, पडदा असेल. पडदा काढला. खुर्ची हलवली, आरसा भिंतीकडे वळवला. ती होतीच. ताईपेक्षा उंच, हात ताईच्या कमरेभोवती.

आणि ताई अजिबात डुलत नव्हती.

"प्रोग्रॅम चुकतोय," मी म्हणालो.

"चुकू दे. कुणीतरी धरल्यासारखं वाटतंय. बरं वाटतंय रे."

त्यानंतर ती आपणहून तिथे जाऊन उभी राहू लागली. जेवणाआधी, चहा झाल्यावर. प्रोग्रॅम दाखवायचा ते तोलाचे आकडे सुधारत होते. आम्ही दोघंही खूश होतो.

रविवारी दुपारी चाचणी संपली. "ताई, बस आता," मी म्हणालो.

तिने डोळे उघडले. बसली नाही.

"भूषण, सोडत नाहीये."

पाय जड झाले असतील, हा आजारच तसा. मी तिचे हात धरून ओढलं. ती पुढे झुकली, इतकी की कुणीही तोंडावर आपटलं असतं. ती पडली नाही. तशीच तिरकी राहिली. कुर्ता कमरेपाशी आवळला गेला होता.

मी कॅमेऱ्याची वायर उपटली. स्क्रीन काळा झाला.

कुर्ता आवळलेलाच.

मी तिला मिठी मारली आणि सगळा जोर लावला. खाली आळंदी रस्त्यावर बसचा हॉर्न वाजत होता. ताईचा श्वास कानाशी लागत होता.

अचानक तिचं अंग सैल पडलं. ती माझ्या हातांतून सुटली, भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली आणि वळली. माझ्या खांद्यामागे तिने पाहिलं. लगेच नजर खाली वळवली.

"भूषण, तूही ये इकडे."

"येतो," मी म्हणालो.

मला जरासुद्धा डुलता येत नव्हतं.