जादा बाटली

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे.

मी सांगतोय म्हणून ती खोटी वाटेल, हे मला मान्य आहे. आमच्या घरात माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी घरी येऊन सांगितलं होतं की मेट्रोच्या लिफ्टमध्ये माझ्यासोबत एक बकरी होती. ती होती. पण ते असो.

तारीख १७ मे. जागा नागपूर, सक्करदरा. वेळ दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

हो, दुपारी.

मे महिन्यात नागपूरची रात्र भुतांच्या कामाची नसते. रात्री सगळे गच्चीवर असतात, गल्लीत आइस्क्रीमच्या गाड्या फिरतात. रस्ते ओस पडतात ते दुपारी. शेहेचाळीस डिग्री. कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर निघत नाही. कूलरची घरघर सोडली तर सगळी वस्ती मेल्यासारखी.

अशा दुपारी मी माझ्या मेलेल्या आत्याला फसवलं.

आत्याचं नाव सिंधूताई. सक्करदऱ्यात तिचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. बाई साडी घेऊन आली की आत्या तिला दुकानाच्या पायरीवर न्यायची, पदर उन्हात धरायची, एकदा बघायची आणि तीनशे गठ्ठ्यांमधून बरोबर तोच रंग ओढून काढायची. 'जवळपास चालेल' असं कोणी म्हटलं की साडीची घडी घालून परत द्यायची. तिला जवळपास चालत नव्हतं.

समोर देवराव नावाचा शिंपी होता. त्यानं एकदा मोरपंखी साडीला हिरवा फॉल लावला. नऊ वर्षं... रोज सकाळी दुकान उघडताना आत्या त्याला विचारायची, "काय देवराव, हिरवा काय म्हणते?" शेवटी त्यानं दुकान दुसरीकडे हलवलं. सामानाचा टेम्पो निघाला, तेव्हा आत्या चौकापर्यंत मागं चालत गेली. विचारायला.

बाई कशी होती ते कळलं असेल.

तिच्या फोनमध्ये एकच गेम होता. काचेच्या बाटल्या असतात. प्रत्येकीत रंगीत पाण्याचे चार थर. वरचं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं, पण तिथं वरचा रंग तोच असेल तरच. शेवटी एका बाटलीत एकच रंग उरला पाहिजे. अडकलात तर कोपऱ्यात अधिकचं चिन्ह असतं. ते दाबायचं, तीस सेकंद जाहिरात पाहायची, की एक रिकामी बाटली जादा मिळते.

आत्यानं ३११३ लेव्हल केल्या होत्या. एकदाही जादा बाटली घेतली नाही.

३११४ वर ती दोन महिने अडकली. मी एकदा तिला मदत म्हणून त्या अधिकच्या चिन्हाकडे बोट नेलं. तिनं लोखंडी मीटरपट्टी माझ्या बोटावर मारली.

"जादा बाटली घेऊन तं कोणीबी जिंकते," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये ती गेली. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. फोन तिच्या मांडीवर चालू होता.

लेव्हल ३११४.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर चार कावळे बसले होते. चारही पाठ करून. बाबा, म्हणजे आत्याचे भाऊ मारोतराव, हात जोडून म्हणाले की मयुराचं लग्न आम्ही थाटात करू. मयुरा ही आत्याची मुलगी. कावळे हलले नाहीत. मयुरा म्हणाली, दुकान मी चालवीन, बंद पडू देणार नाही. कावळ्यांना त्यातही रस नव्हता. आई म्हणाली, तुझी पैठणी मी परत करते. ती आईनं नेली होती हे बाबांना तिथंच कळलं.

पाऊण तास झाला. ऊन चढलं. मी मागं उभा होतो, मला भूक लागली होती. मी आपलं म्हणून टाकलं, "आत्या, तुयी लेव्हल मी करून देतो. बिना जादा बाटलीनं."

चारही कावळे एकदम खाली आले.

गुरुजी म्हणाले, चार एकत्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. तेरवी झाल्यावर मयुरानं आत्याचा फोन माझ्या हातात दिला.

"आता करून दे, दादा," ती म्हणाली. "कावळ्यासमोर बोलला तू."

मी प्रयत्न केला. खरंच केला. रोज दुपारी आत्याच्या घरी, दुकानामागच्या खोलीत बसायचो. १७ मेपर्यंत त्रेसष्ट वेळा अडकलो. त्या दुपारी मयुरा चटईवर झोपली होती. चौसष्टाव्यांदा अडकलो. घाम फोनवर टपकत होता.

मी इकडेतिकडे पाहिलं.

अधिकचं चिन्ह दाबलं.

तीस सेकंद एक माणूस हातवारे करून सिमेंट किती मजबूत ते दाखवत होता. मग रिकामी बाटली आली. दोन मिनिटांत लेव्हल झाली. स्क्रीनवर रंगीत कपटे उडाले.

आणि लाइट गेली.

कूलर बंद पडला. पंखा फिरत फिरत थांबला. त्या शांततेत... आतून, स्वयंपाकघरातून, आवाज आला.

गुड... गुड... गुड...

कोणीतरी एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत पाणी ओतत होतं.

मयुरा माझ्यासमोर झोपली होती. घरात तिसरं कोणीच नव्हतं.

आवाज थांबला. मग... टिंग.

गेममध्ये बाटली पूर्ण झाली की असाच आवाज येतो. पण फोनचा आवाज मी बंद ठेवला होता. जाहिरातीमुळे मयुरा उठू नये म्हणून.

संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, लेव्हल झाली. बिना जादा बाटलीनं. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. पोरगा शब्दाचा पक्का निघाला, असं ते पेढा देताना प्रत्येकाला सांगत होते. मी पण दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी फ्रिजमध्ये एक बाटली जास्त होती.

आमच्याकडे पाण्याच्या सहा बाटल्या. सगळ्या प्लास्टिकच्या. ही सातवी, काचेची. लेबल नाही, झाकण नाही. आत एक थेंबही नाही. आईनं विचारलं, ही काहून आणली गा. मी म्हटलं, मी नाही. आईनं ती भंगारवाल्याला दिली.

सकाळी ती परत तिथंच होती.

मी ती गाडीवर नेऊन कळमन्याला मार्केट यार्डाच्या कचऱ्यात टाकली. भर बाजारात, सडक्या संत्र्यांच्या ढिगात. घरी आलो, फ्रिज उघडला... ती उभी होती. तिला संत्र्याचा वास येत होता.

पाचव्या दिवशी माझ्या मोटरसायकलची सीट पांढरी झाली. धुतल्यासारखी नाही, उडाल्यासारखी नाही. काळा रंग तिथं कधी नव्हताच, अशी. आणि फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी काळ्या पाण्याचा एक थर होता.

एक थर. चारांपैकी.

पुढच्या आठवड्यात वर्धा रोडला एका ऑफिसात माझी मुलाखत होती. साहेबांनी फाइल उघडली, माझी मार्कशीट काढली, उलटीपालटी केली. कागद कोरा होता. सगळी काळी अक्षरं गेली होती. फक्त विद्यापीठाचा जांभळा शिक्का शिल्लक होता.

"यात तर काहीच नाही," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, तसंही फार नव्हतं.

नोकरी लागली नाही. घरी आलो. बाटलीत दोन थर.

त्यानंतर तीन दिवसांनी मी झोपेतून उठलो आणि आईनं चहाचा कप हातात देता देता मागं घेतला. माझे केस पांढरे झाले होते. भुवया, मिश्या, सगळं. मी सव्वीस वर्षांचा आहे. बाबांनी त्यांचा डाय आणून दिला. लावला. अर्ध्या तासानं धुतला, तर मोरीत पाणी दुधासारखं पांढरं गेलं. आणि केस तसेच.

तीन थर.

मी बाटली पिशवीत घातली आणि सरळ मयुराकडे गेलो. दुकानात दोन बायका होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला, वयस्क माणसासमोर सावरतात तसा. मयुरानं त्यांना वाटेला लावलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बाटली घेतली होती ना तू?"

मी हो म्हटलं.

ती माझ्या पिशवीत डोकावली. मग बाटली घेऊन पायरीवर उन्हात गेली. एक डोळा मिटला. आत्या बघायची, अगदी तसंच.

"काळ्यात एकवीस शेड असतात, दादा. आईनं बाकीचे वीस सोडले. हा एकच उचलून राहिली."

मग तिनं बाटली माझ्या गालाला टेकवली.

"इकडं पाह्य. उन्हाकडं."

मला कळलं ती काय मॅच करतेय. मी म्हटलं, माझे डोळे तपकिरी आहेत. आई लहानपणापासून म्हणते.

"मी बाहुली पाहून राहिली," मयुरा म्हणाली. ती कधी बाटलीकडे, कधी माझ्या डोळ्यात बघत होती. मग तिनं बाटली हळूच खाली घेतली.

"सेम हाय, दादा. जराबी फरक नाही."

उपाय एकच होता. लेव्हल खरी करायची. पण हा गेम मागं जाऊ देत नाही. झालेली लेव्हल परत खेळता येत नाही. गेम काढून पुन्हा टाकायचा, आणि पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा.

एक ते ३११४.

मी सुरू केलं. रोज साठ-सत्तर लेव्हल. सीताबर्डीत बसस्टॉपवर, जेवताना, दाढी करताना. पांढरी दाढी. बाटली फ्रिजमध्ये तशीच, तीन थरांवर थांबलेली. एकदा, १४२० ला, माझं बोट सवयीनं त्या अधिकच्या चिन्हाजवळ गेलं... आणि उजव्या डोळ्यापुढं सगळं पांढरं झालं. दूध ओतल्यासारखं. बोट मागं घेतलं, हळूहळू दिसायला लागलं.

त्यानंतर मी ते बोट वापरणंच सोडलं.

गेल्या रविवारी ३११३ झाली.

मी 'पुढे' दाबणार, तेवढ्यात मयुराचा फोन आला. तिनं ३११४ चे जेवढे व्हिडिओ सापडले तेवढे पाहिले होते. सात. सातही जणांनी जादा बाटली घेतली होती. मग तिनं दुकानात दोन दुपारी धाग्याची रिळं मांडून ती लेव्हल स्वतः सोडवून पाहिली. मयुराची नजर आत्याची आहे, हे मी सांगितलंच.

"नाही होत, दादा," ती म्हणाली. "मले तं वाटते आईलेबी ठाऊक होतं."

मी विचारलं, मग कावळे खाली का आले?

"तू हो म्हटलं म्हणून," ती म्हणाली. "तिले कोणीतरी पाहिजे होतं तिथं अडकून बसाले."

मी ठरवलं, 'पुढे' दाबायचंच नाही. ३११३ वरच राहायचं. लेव्हल सुरूच केली नाही तर अडकायचा प्रश्न नाही, आणि जादा बाटलीचाही नाही. सोमवार गेला. मंगळवार गेला. काही झालं नाही. मला वाटलं, जमलं.

आज बुधवार.

हा गेम ज्यांनी खेळला आहे, त्यांना एक गोष्ट माहीत असेल. बाटलीला बोट लावलं की ती लगेच ओतत नाही. आधी जागेवरून बोटभर वर उचलली जाते. आणि थांबते. कुठं ओतायचं, तिथं तुम्ही बोट लावेपर्यंत.

आज सकाळी मी पलंगावरून उतरलो. चपलेत पाय घालायला गेलो...

पाय चपलेला लागेनात.

मी आईला हाक मारली. आईनं वाकून पाहिलं. मग बाबांच्या हातातला पेपर घेतला आणि माझ्या पायांखालून सरकवला. तो दुसऱ्या बाजूनं निघाला. बाबांनी तो उचलला, पण वाचला नाही.

आई म्हणाली, खाली ये आन् चहा घे.

मी तेच करून राहिलो होतो. येता येत नाही.

दुपारचे दोन वाजले आहेत. मी हे माझ्या फोनवर लिहितोय. दुसऱ्या हातात आत्याचा फोन आहे, त्यावर 'पुढे' चमकतंय. ३११४ कोणी जादा बाटली न घेता केली असेल तर कृपया कळवा. थट्टा नाही. ही एकच वेळ थट्टा नाही.

बाबा मयुराला आणायला गेले आहेत. आई माझ्याजवळ बसून माझा पाय धरून आहे, फुग्याची दोरी धरतात तसा.

लाइट आत्ताच गेली. कूलर थांबला.

स्वयंपाकघर इथून दिसतं.

फ्रिजचं दार... आई इथंच आहे, बाबा बाहेर आहेत... फ्रिजचं दार उघडतंय.