एक जूनचे पेढे

१ जून १९८७. सकाळी नऊच्या सुमारास कोंडाजी मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन भिमाजी गांगुर्ड्यांच्या खोलीवर आले. मास्तरांना आज एकसष्ट वर्षं पुरी झाली होती. निदान शाळेच्या दाखल्याप्रमाणे.

गांगुर्ड्यांनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी माणसं खरोखर मेली की नाही हे तपासलं होतं. आता ते खाजगी चौकशा करत. पेढा मात्र त्यांनी चौकशी न करता खाल्ला.

"आज आमच्या आळीत सहा जणांचे वाढदिवस," मास्तर म्हणाले. "खुद्द पेढेवाल्याचासुद्धा."

"त्याचे मास्तर कोण होते ते विचारायचं," गांगुर्डे म्हणाले.

मास्तरांना विनोद कळला नाही. ते हसले.

एवढ्यात दारात एक तिशीची बाई उभी राहिली. सुती साडी, हातात वर्तमानपत्राची घडी, डोळे रात्रभर न मिटलेले.

"मी लता निरभवणे. आरोग्यदीप धर्मादाय रुग्णालयात कंप्युटरवर असते. शुक्रवारी तिथं एक माणूस गेला. मी मारला म्हणतात."

गांगुर्ड्यांनी खुर्ची पुढे केली.

हकीकत साधी होती. सुरगाण्याकडचा धोंडीराम पवार, वय अडतीस, पायाची जखम चिघळली म्हणून आला. सिस्टरनं त्याचा कागद छापून घेतला. कागदावर होतं, पेनिसिलीन चालेल. इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत धोंडीराम संपला.

"फेब्रुवारीत तो आला होता, तेव्हाच त्याला त्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती," लताबाई म्हणाल्या. "'पेनिसिलीन नको' हे मी माझ्या हातानं मशीनमध्ये घातलं होतं, साहेब. आज चारला ट्रस्टची चौकशी समिती आहे. डॉक्टर थेटे म्हणतात, नोंद माझी चुकली. समितीनं मान डोलावली की कागद पोलिसांकडे जाणार. घरात मिळवती मी एकटी."

"तुमच्यानंतर कुणी ती नोंद बदलली?"

"कशाला बदलेल कुणी? गरीब माणूस. त्याच्याशी कुणाचं वैर?"

"गरिबाला मारायला वैर लागत नाही," गांगुर्डे म्हणाले, आणि चपला घालू लागले.

आरोग्यदीपमध्ये पेशंटांना पंखा नव्हता आणि कंप्युटरला एसी होता. त्याच्या दाराशी चपला काढाव्या लागत. दीड वर्षापूर्वी उद्‌घाटनाला चढवलेला हार वाळून कोळ झाला होता, पण काढायची कुणाची हिंमत नव्हती.

बाहेरच्या खिडकीवर झुंबर शिपाई एका माणसाशी भांडत होता.

"कागद म्हणतो तू शुक्रवारी मेलास. मेलेल्याचे टाके काढत नाय आम्ही."

"आरं, मी हितं उभा हाय की!"

"तसं मशीनला सांग."

"काय ही बोलायची रीत!" मास्तर संतापले आणि त्यांनी त्या माणसाला पेढा दिला. तो घोटीच्या भातगिरणीत हमाल होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. गांगुर्ड्यांनी त्याला बाजूला नेऊन एकच प्रश्न विचारला आणि चारपर्यंत थांबायला सांगितलं.

मग ते झुंबरकडे वळले. "मशीन असं नेहमी करतं?"

"लय खोडकर हाय, साहेब." झुंबर खूश झाला. "पहिल्याच आठवड्यात थेटेसाहेबांना टी.बी. दिला होता त्यानं! रोग कुण्या मनमाडच्या हमालाचा, नाव साहेबांचं. साहेबांनी निम्मं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. मंग मुंबईचा विंजिनेर आला आन्‌ साहेब बरे झाले."

मास्तर पोट धरून हसले. गांगुर्डे हसले नाहीत.

अंबूबाई सिस्टर वॉर्डात एकट्याच बसल्या होत्या.

"त्याला विचारलं नाहीत, सुई सोसते का म्हणून?"

"तोच सांगत होता," सिस्टर म्हणाल्या. "'बाई, ती सुई नको, मागं जीव घाबरा झाला.' मी म्हटलं, कंप्युटर म्हणतो चालते."

"आधी थेंबभर टोचून बघतात ना?"

"बघायचो. थेटेसाहेबांनी परिपत्रक काढून बंद केलं. कागद असताना वेळ कशाला घालवायचा?"

व्हरांड्यात धोंडीरामची बायको साळूबाई बसली होती. गांगुर्ड्यांनी विचारताच तिनं कमरेची पिशवी सोडून फेब्रुवारीतला कागद काढला. घामानं मऊ झालेला, पण अक्षरं शाबूत. नाव, जन्मतारीख, आणि खाली: पेनिसिलीन नको.

"मला वाचता नाय येत," ती म्हणाली. "त्येनीच जपून ठेव म्हनलं व्हतं. कामाचा हाय का?"

"फार कामाचा आहे, साळूबाई. शुक्रवारी तुम्ही कुठं होता?"

"कामावर. मला कुनी इचारलंच नाय."

डॉ. खंडेराव थेट्यांच्या टेबलावर दिल्लीहून आलेलं पारितोषिकाचं पत्र काचेखाली होतं. काचेवर त्यांचा स्वतःचा साखरेचा रिपोर्ट पडला होता. वरच्या कोपऱ्यात छापलेलं: विशेष क्रमांक तीन.

"अठरा महिन्यांत या मशीनची एकही चूक नाही," थेटे म्हणाले. "एकही! दिल्लीला तसं लेखी दिलंय मी. चुकतो तो माणूस. आणि अशा लोकांना मशीनवर बसवू नये, हे मी आधीपासून सांगत होतो."

"अशा म्हणजे कशा?"

"आडनावावरून तुम्हाला कळतंय."

"कळतंय," गांगुर्डे म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मास्तर घाबरले. बाहेर येताच त्यांनी मास्तरांच्या हातात चिठ्ठी दिली. "तारघरात जा. मुंबईच्या या इंजिनिअरला अर्जंट ट्रंक कॉल लावा. एवढंच विचारा: थेट्यांचा टी.बी. कसा बरा केला?"

चार वाजता समिती कंप्युटरच्या खोलीतच बसली, कारण तिथं गार होतं. अध्यक्षांसह पाच विश्वस्त, सगळे अनवाणी. लताबाई भिंतीशी उभ्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती. मास्तरांनी आपली दिली.

गांगुर्ड्यांनी घोटीच्या हमालाला आत बोलावलं. "नाव सांगा."

"धोंडीराम पुंजा पवार."

दाराशी बसलेल्या साळूबाईनं चमकून वर पाहिलं.

"जन्मतारीख?"

"एक जून अठ्ठेचाळीस. दाखल्यावर हाय."

"शुक्रवारी मेलेल्या धोंडीराम पुंजा पवारांचीही हीच. हे मशीन माणूस ओळखतं नावावरून आणि जन्मतारखेवरून. गाव विचारत नाही. मे महिन्यात हे घोटीहून आले. मशीन म्हणालं, हा माणूस माझ्याकडे आहे, आणि जुनी नोंद पुसून त्यावर नवी लिहिली. यांना पेनिसिलीन सोसतं. म्हणून सुरगाण्याच्या धोंडीरामालाही सोसलं पाहिजे, असं ठरलं. शुक्रवारी ते मेले, म्हणून हेही मेले. लताबाईंची नोंद बरोबर होती. हा फेब्रुवारीचा कागद."

अध्यक्षांनी कागद पाहिला. "लाखात एखादा योगायोग हो."

"लताबाई, मशीनला विचारा. एक जूनला जन्मलेले किती?"

लताबाईंनी बोटं चालवली. छपाईयंत्र कर्रर्र करत सुरू झालं आणि थांबेना. कागद टेबलावरून खाली आला, फरशीवरून सरकत अध्यक्षांच्या अनवाणी पायांपर्यंत गेला.

"नऊ हजार चारशे पेशंटांत तीन हजार आठशे," लताबाई म्हणाल्या. "ज्यांना शाळाच नव्हती त्यांना आम्हीही एक जूनच द्यायचो. मशीन रिकामी जागा घेत नाही."

कोंडाजी मास्तर पांढरे पडले होते.

"सुरगाण्याला... चोपन्न साली मी होतो," ते म्हणाले. "जन्माची नोंद कुणाचीच नसायची. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचं. जूनमध्ये शाळा सुरू, म्हणून एक जून. पुंजाचा धोंडी... त्याचा हात पुरत नव्हता. मीच थोडा ओढला."

"बघा!" थेटे ओरडले. "ही या मास्तर लोकांची चूक! मला काय स्वप्न पडणार होतं?"

"स्वप्न नाही, टी.बी. झाला होता तुम्हाला," गांगुर्डे म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात. मनमाडचे हमाल खंडेराव थेटे, जन्मतारीख एक जून. तुमचीही तीच ना? अठरा महिन्यांत एकही चूक नाही म्हणता, आणि पहिली चूक तुमच्याच छातीत निघाली होती! इंजिनिअर ट्रंक कॉलवर काय म्हणाला, मास्तर?"

मास्तर चाचरले. "त्यानं थेट्यांना लेखी कळवलं होतं की प्रत्येक पेशंटाला वेगळा क्रमांक द्या, नाहीतर माणसं एकमेकांत मिसळतील. प्रत पाठवतोय. डॉक्टर म्हणाले, त्यासाठी महिनाभर मशीन बंद ठेवावं लागेल, दिल्लीला काय सांगू? क्रमांक फक्त विश्वस्तांना आणि मला द्या."

"विशेष क्रमांक तीन," गांगुर्डे म्हणाले. "अध्यक्षमहाराज, तुमचा बहुधा एक असेल. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात या मशीनला वेगळी ओळखू येणारी माणसं सहा, आणि ती सगळी या खोलीत आहेत. बाकीच्यांनी एकमेकांचे रोग भोगायचे! वर थेंबभर टोचून बघणंही बंद. तो बिचारा तोंडानं सांगत होता, सुई नको. त्याचं तोंड तुमच्या कागदाला साक्ष म्हणून चालत नव्हतं!"

एसी तेवढा चालू होता.

मास्तर उठले. पस्तीस वर्षं वर्गासमोर उभे राहत तसे उभे राहिले.

"थेटे, मला पोरांच्या तारखा ठाऊक नव्हत्या, म्हणून मी सगळ्यांना एक दिली. तुम्हाला माणसं दोन आहेत हे ठाऊक होतं. तरी तुम्ही एकच ठेवलं."

साळूबाईनं घोटीच्या धोंडीरामाकडे बोट केलं. "मंग ह्यो जिता हाय, ते कागदावर लिवा की आता. ह्याच्या तरी बायकूला रडाया लावू नका."

कागद त्या संध्याकाळी पोलिसांकडे गेले. त्यांवर लताबाईंचं नाव फक्त साक्षीदार म्हणून होतं.

दुसऱ्या दिवशी मशीनवर चादर घातली गेली. चादरीच्या शेजारी लताबाई जाड वही घेऊन बसल्या. इंजिनिअर येईपर्यंत प्रत्येकाला क्रमांक देऊन ठेवायचा होता. पहिला क्रमांक घोटीच्या धोंडीरामाला मिळाला. टाके निघाले. दुसरा मास्तरांनी मागितला.

"नाव?"

"कोंडाजी."

"गाव?" मास्तरांनी सांगितलं, लताबाईंनी लिहिलं. "जन्मतारीख, मास्तर?"

मास्तरांनी वहीकडे पाहिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तसंच लिही, बाई. माहीत नाही."