कप्तानाच्या टोपीचे उलटे टाके

“ही टोपी खोटी आहे!”

डावरी एवढ्या मोठ्याने ओरडली, की संग्रहालयाच्या त्या थंडगार दालनात तिचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. काचेच्या पेटीला चिकटून उभा असलेला फुगा दचकला आणि त्याचं नाक काचेवर चेपलं.

“हळू बोल की!” वकील कुजबुजली. “आणि खोटी कशावरून? पुरावा?”

वकील म्हणजे शेजारची मुलगी. पुराव्याशिवाय ती सूर्य उगवल्याचंही मान्य करत नसे. फुगा हा डावरीचा मावसभाऊ. त्याच्या गालांकडे बघितलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नसे. आणि डावरी सुट्टीसाठी मावशीकडे राहायला आलेली. तिच्या हातात सुई दिली, की सुई आपोआप डाव्या हातात जायची.

“पुरावा हा बघ!” डावरी पेटीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. “सोनेरी किनारीचे टाके कुठे झुकलेत?”

“डावीकडे.”

“हे माझे टाके आहेत!”

वकिलीने काचेला डोळा लावून टाके पुन्हा बघितले.

त्याचं असं झालं होतं. फुग्याची आई, म्हणजे डावरीची मावशी, दिवसभर दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची आणि संध्याकाळी घरी टोप्या. “दिवसा लोकांचं तोंड, संध्याकाळी लोकांचं डोकं!” असं ती स्वतःच म्हणायची. फुग्याच्या एका वाढदिवसाला तिने गंमत म्हणून समुद्री चाच्याची टोपी केली. ती बघून शेजारच्यांनी मागितली, मग शाळेच्या नाटकाने, आणि बघता बघता छंदाचा धंदा झाला. घराच्या मागच्या खोलीत फळीवर लाकडी डोकी ओळीने बसली. किटली वाफ सोडायची. लोकर दाबून केलेला जाड नमदा मावशी त्या वाफेवर धरायची. तो कणकेसारखा मऊ पडला, की लाकडी डोक्यावर ओढून दोरीने आवळायची. गार झाल्यावर दोरी सोडली, तरी नमदा तो आकार सोडायचा नाही. डावरी पहिल्यांदा हे बघत होती तेव्हा तिचा दुधाचा कप हातातच राहिला होता, दुधावर साय आली तरी.

बंदरावरच्या जुन्या लाकडी जहाजावर एक नाटक कंपनी चाच्यांचा खेळ करणार होती. कप्तानासाठी त्यांना संग्रहालयातल्या टोपीसारखी हुबेहूब टोपी हवी होती. ती टोपी अडीचशे वर्षांपूर्वीच्या खऱ्याखुऱ्या कप्तानाची! तीनकोनी, काळी, कडेने सोनेरी किनार. मावशीने हात न लावता काचेतूनच तिची मापं काढली, ढीगभर फोटो घेतले. नवी टोपी चहाच्या पाण्याने मळवली, पॉलिश पेपरने घासून झिजवली. आणि मागच्या बाजूची वीतभर किनार तिने डावरीला शिवायला दिली. केवढा मान!

पण शिवून झाल्यावर मावशीने चष्मा चढवला. “अगं, मूळ टोपीचे सगळे टाके उजवीकडे झुकतात. तुझे उलटे झालेत.”

“उसवू?” डावरी रडकुंडीला आली होती.

“नको, भोकं दिसतील. राहू दे, मागे कोण बघतंय!”

मावशी हसून म्हणाली खरी, पण डावरीला ते लागलं. एवढी सुंदर टोपी, आणि आपल्या डाव्या हाताने तिला गालबोट लावलं! तेव्हापासून तिने सुईला हात लावला नव्हता. आणि आता तीच वीतभर किनार काचेआडून तिच्याकडे बघत होती.

“म्हणजे अदलाबदल झाली,” वकील सावकाश म्हणाली. “मग खरी कुठे आहे?”

फुग्याचे गाल एकदम बसले. “जहाजावर! खेळ आजच आहे! आणि शेवटी कप्तान टोपी समुद्रात फेकतो! मी तालीम बघितलीय ना. म्हणून तर आईने आपल्या टोपीला आतून मेणाचा हात दिला होता, पाण्यात पडली तरी टिकावी म्हणून.”

“आणि खऱ्या टोपीला?” डावरीने विचारलं.

अडीचशे वर्षांचा नमदा खाऱ्या पाण्यात पडला तर काय होईल, हे तिघांनाही कळत होतं.

संग्रहालयाचे व्यवस्थापक आपल्या खोलीतून बाहेरच पडत होते. अंगात नवा कोट, कानाला मोबाइल. मुलं त्यांना हो-हो साहेब म्हणत. कारण दिवसभर ते फोनवर तेवढंच बोलत.

“हो... हो हो... निघालोच! पहिल्या रांगेत ना? हो हो!” मग खाली बघून, “काय रे पोरांनो?”

“साहेब, पेटीतली टोपी नकली आहे!” डावरीने एका दमात सगळं सांगितलं.

साहेब हसले. “बाळ, तुझ्या मावशीने नवी टोपी ताडून बघायला इथे आणून दिली, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून फोटो मीच काढले. मग एक पेटीत ठेवली आणि एक खोक्यात घालून कंपनीच्या माणसाला दिली. माझ्या या हातांनी!”

“तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात का?” वकिलीणबाईंनी विचारलं.

“म्हणजे... हो, पण...”

“कुठल्या कानाला होता? एका हातात फोन, मग टोप्या कुठल्या हाताने उचलल्यात?”

“हे बघ, मला उशीर होतोय! आजच्या खेळाचा प्रमुख पाहुणा मी आहे!” साहेबांनी खिशातली किल्ली चाचपली आणि पुन्हा फोन कानाला लावला. “हो हो, आलोच!”

गेले! पेटीची किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. फुग्याने पहारेकऱ्याच्या फोनवरून आईला फोन लावून पाहिला, पण कवळ्या घासायच्या यंत्रापुढे तिला घंटा कधीच ऐकू येत नसे.

“आता?” फुगा म्हणाला.

“आता घरी!” डावरी पळत सुटली. “टोप्या घ्यायला!”

मावशीच्या मागच्या खोलीत तयार टोप्या टांगलेल्या होत्या. फुग्याने आपली वाढदिवसाची घातली. ती जेमतेम टाळूवर बसली. वकिलीने एक टोपी घालून एका डोळ्यावर पट्टी बांधली. डावरीने स्वतःसाठी एक टोपी घेतली आणि माळ्यावरून आणखी एक ओढून काढली. कप्तानाच्या टोपीचा मावशीचा पहिला फसलेला प्रयत्न होता तो. त्याचा एक कोपरा सशाच्या कानासारखा लोंबत होता.

“ही कशाला?” वकिलीने विचारलं.

“समुद्राला काहीतरी द्यावं लागेल ना!”

बंदरावर ही गर्दी! जहाजाची शिडं फुगली होती, आतून ढोल ऐकू येत होते. जहाजावर चढायच्या फळीच्या तोंडाशी एक आडदांड द्वारपाल हात पसरून उभा होता. “तिकीट?”

“काका, चाचे कधी तिकीट काढतात का?” वकिलीने कमरेवर हात ठेवला. “काढलं तर ते चाचे कसले?”

द्वारपालाने तिच्या टोपीकडे बघितलं, फुग्याच्या टोपीकडे बघितलं. मावशीच्या हातच्या टोप्या होत्या त्या! खऱ्या चाच्याने उतरवून द्याव्यात अशा. तो मागे सरकला. “अरे, तुम्ही खेळातली मुलं होय! एवढा उशीर? पळा, शेवटचा प्रवेश चालू झालाय!”

तिघं पळाली. दोरखंडांवरून, पिंपांमधून, थेट डेकच्या कडेपर्यंत.

आणि डावरी जागच्या जागी थिजली.

समोर कठड्याला टेकून कप्तान उभा होता. उंचापुरा म्हातारा नट, पांढरी दाढी, आणि डोक्यावर ती टोपी. संध्याकाळचा उजेड सोनेरी किनारीवर पडला होता. संग्रहालयात ती टोपी नुसती वस्तू वाटायची. इथे, वाऱ्यात, शिडाखाली, ती एका माणसाची टोपी होती. कधीतरी असाच वारा तिने झेलला असेल, असंच कुणीतरी ती हाताने दाबून धरली असेल! डावरीच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण कशासाठी आलोय, हेच ती क्षणभर विसरली.

“निरोप घेतो, सागरा!” कप्तान गरजला. त्याने टोपी काढली आणि हात कठड्याबाहेर नेला. “माझं राज्य तुझं तुला परत!”

“अगं, जा ना!” फुग्याने तिला ढकललंच.

डावरी धडपडत थेट खेळाच्या मधोमध जाऊन पोचली. शेकडो डोळे तिच्यावर! तरी तिने आवाज काढला, “थांबा, कप्तान! ही टोपी समुद्राची नाही!”

ढोल थांबले. पहिल्या रांगेत हो-हो साहेब मान पुढे करून बघू लागले. कप्तानाचा हात हवेतच राहिला, पण चेहरा जराही हलला नाही. मुरलेला नट होता तो. ओठ न हलवता त्याने विचारलं, “कोण गं तू?”

“टोपी करणाऱ्या मावशीची भाची,” डावरी पुटपुटली. “ही खरी आहे आजोबा, संग्रहालयातली. नकली तिकडे पेटीत राहिलीय. मागचे टाके बघा, सगळे उजवीकडे आहेत. माझे डावीकडे असतात. खोटं नाही सांगत!”

कप्तानाने टोपी हळूच जवळ घेतली. अंगठा आतल्या चामड्याच्या पट्टीवरून फिरला. ती कुणाच्या तरी कपाळाने झिजून पार गुळगुळीत झालेली होती. त्याचे डोळे मोठे झाले. मग त्याने मान वर केली आणि सगळ्या जहाजाला ऐकू जाईल असं विचारलं, “बोल, छोट्या चाच्या! मग मी सागराला काय देऊ?”

“ही द्या!” डावरीने लोंबत्या कानाची टोपी पुढे केली. “हिला एक कान जास्त आहे, लाटांच्या गोष्टी ऐकायला बरी!”

लोक खो खो हसले. कप्तानाने वाकून मुजरा केला, खरी टोपी डावरीच्या दोन्ही तळहातांवर ठेवली आणि दुसरी गरगरत समुद्रात भिरकावली. टाळ्यांचा नुसता कडकडाट! सगळ्यांत जोरात टाळ्या हो-हो साहेबच वाजवत होते. “वा! शेवट काय सुरेख बदललाय!”

डावरीला ते ऐकूही आलं नाही. तिच्या हातांवर टोपी होती. किती हलकी! जुन्या चामड्याचा वास येत होता. श्वास जोरात घेतला तरी टोपीला काही होईल, असं डावरीला वाटलं.

खेळ संपल्यावर कप्तान आपल्या वेशातच साहेबांपुढे येऊन उभा राहिला, आणि मग मात्र साहेबांना फोन बाजूला ठेवावा लागला. सगळी वरात संग्रहालयात पोचली. निरोप मिळून मावशीही आली, हाताला पांढरी भुकटी तशीच. साहेबांनी पेटी उघडली. दोन्ही टोप्या टेबलावर शेजारी ठेवल्या, दिवा ओढला, भिंग घेतलं. एकीचे टाके उजवीकडे. दुसरीची वीतभर किनार डावीकडे.

साहेब बराच वेळ वाकून होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “आणि त्याहून मोठी चूक म्हणजे ही मुलगी सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही. ही टोपी माझ्या भरवशावर इथे आहे. आज ती समुद्राच्या तळाशी गेली असती! मुलांनो, शाबास! तुम्ही नसतात तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?”

“आमच्या वकिलीची फी मात्र द्यावी लागेल!” फुगा म्हणाला, आणि मावशीने त्याच्या पाठीत धपाटा घालता घालता तिघांनाही पोटाशी धरलं.

“कुठे काही इजा झाली नाही ना, तेवढं बघून घेतो,” साहेबांनी हातमोजे चढवले, खरी टोपी उलटी केली आणि आतली पट्टी जराशी वर उचलून दिवा जवळ आणला. मग ते थांबले.

“मुली,” ते हळूच म्हणाले, “इकडे ये. हे बघ तर.”

डावरी भिंगावर वाकली. पट्टीच्या आत, जिथे अडीचशे वर्षांत कुणाची नजर गेली नसेल, तिथे बारीक टाक्यांची रांग होती. उजवीकडे झुकलेली, अगदी रेखीव. आणि मध्येच, वीतभर, तेच टाके डावीकडे झुकले होते. जरा वेडेवाकडे, पण घट्ट.

“आजवर मी ही पट्टी कधी उचलून बघितलीच नव्हती,” साहेब म्हणाले.

मावशीने चष्मा चढवून पाहिलं. “दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे हा,” ती म्हणाली. “डावरा हात. शिकत असणार. आणि कुणीतरी म्हणालं असेल, राहू दे.”

फुगासुद्धा भिंगावर वाकला. कोण असेल? मुलगा? मुलगी? कुणाची भाची? नाव नाही, चेहरा नाही. फक्त वीतभर टाके, आणि ते वादळांतून, समुद्रांवरून, अडीचशे वर्षं टिकून होते. डावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला सांगता आलं नसतं, पण रडू मुळीच येत नव्हतं.

“मावशी,” तिने विचारलं, “पुढची टोपी कुणाची आहे?”

“शाळेच्या नाटकाची. आणि या वेळी सगळी किनार तू शिवायचीस. तुझ्या बाजूने.”

डावरीने मान हलवली. नकळत तिचा डावा हात वर आला, आणि नसलेल्या सुईने तिने हवेतच एक टाका घातला.