वखारीची कडी

सर्वपित्रीच्या दुपारी ओरछा गेटजवळच्या फ्लॅटमध्ये देविका पानं वाढत होती. झाशीत पानाला कावळा शिवेल न शिवेल, माकडं मात्र हमखास शिवतात. तिची छोटी लेक चारुता त्यांच्यामागे गच्चीत धावायची. म्हणून तिला खोलीत झोपवून बाहेरून कडी घालावी, एवढंच देविकाच्या मनात होतं.

या घरात आणखी एक पान उंबऱ्याबाहेर मांडतात, हबशी लोकांसाठी. सासरे रमाकांत दरसाल सांगत... आपला मूळपुरुष सुरतेच्या धक्क्यावर वखारीचा कारकून. आफ्रिकेतून जहाजांनी आणलेली माणसं विकण्याआधी त्या वखारीत कोंडत. एकदा वखारीला आग लागली. कारकून किल्ली कनवटीला खोचून जो पळाला, तो समुद्राचा वाराही लागणार नाही अशा झाशीत येऊन थांबला. म्हणून आजच्या दिवशी या घरात एकही दार बंद करायचं नाही. जुन्या लोकांना कशाचंही सोवळं लागतं, असं देविका मनात म्हणायची.

तिने कडी घातली.

गच्चीत पान ठेवून ती परतली, तर घरात खारा वास. ओल्या दोरखंडांचा, डांबराचा... आणि काहीतरी जळल्याचा. झाशीत समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. हा वास आला कुठून? तेवढ्यात चारुताच्या खोलीचं दार आतून वाजलं. एका मुलीच्या मुठी नव्हत्या त्या. कितीतरी तळहात, एकदम.

"अण्णा!" ती किंचाळली.

रमाकांत धावत दारापाशी आले. "सूनबाई... कडी घातलीस?"

फटीतून धूर येत होता. कडी तापून लाल व्हायची बाकी होती. हात पोळला तरी देविका ओढत राहिली. कडी हलेना. आत पोर हाक मारत नव्हती, याचीच तिला जास्त भीती वाटली.

रमाकांतांनी दाराला कपाळ टेकलं. "पळालो आम्ही... चूक आमची. लेकरू सोडा."

कडी सुटली. चारुता चालत बाहेर आली, धडधाकट. खोलीत पंखा फिरत होता, चादर पांढरीशुभ्र होती. देविकाने तिला छातीशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली.

चारुता मात्र खांद्यावरून मागे बघत होती. "मम्मी, मेरा तो खुल गया... उनका कब खोलोगी?"

दार सताड उघडं होतं. खोलीत कुणी नव्हतं. आणि त्या उघड्या दारावर आतून तळहात पडतच होते.